भिंतीपलीकडचे तीन वॅट

माझ्या आत्याची सगळी नोकरी स्पीकरच्या कारखान्यात झाली, पण तिच्या स्वतःच्या घरात कधी स्पीकर आला नाही. त्याचं तिला काही वाटतही नसे. "दिवसभर तेच कानात. घरी आणून त्याची काय पूजा करू?" म्हणायची.

ती कॉइल गुंडाळायची. स्पीकरच्या कागदी कोनाच्या मुळाशी केसासारख्या तारेचं एक वेटोळं असतं. चुंबकाच्या खाचेत ते कुठेही न घासता मागेपुढे हललं की आवाज येतो, आणि जरा घासलं की खरखर. लांबलचक टेबलाशी ओळीनं बसलेल्या बायका ही वेटोळी करायच्या, कोनाला चिकटवायच्या, आणि पलीकडच्या तपासणीच्या टेबलावर प्रत्येक स्पीकर तळाच्या घूंपासून वरच्या चिंपर्यंत ओरडून दाखवायचा. त्या गोंगाटात बायका एकमेकींच्या सुना, गुडघे आणि सुपरवायझरच्या डोक्यावरचे केस खरे की खोटे यावर बोलत असत. आत्याला ओरडून बोलायची सवय तिथलीच. फोनवर तिचा पहिला "हॅलो" आम्ही कानापासून हातभर लांब धरूनच ऐकायचो.

आत्याचं लग्न झालं नाही. का झालं नाही याबद्दल घरात निरनिराळ्या गोष्टी सांगत. तिला विचारलं तर ती "राहून गेलं" एवढंच म्हणायची, जसं एखादीचं शिवण राहून जावं. आधी ती आमच्याकडेच राहायची. मग माझा जन्म झाला, घर अपुरं पडायला लागलं, आणि कुणी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच कारखान्याजवळ भाड्यानं जागा घेतली. एक खोली, मागे स्वयंपाकघर, पुढे सामाईक गॅलरी. खोलीची एक भिंत शेजारच्या बिऱ्हाडाशी सामाईक होती आणि ती इतकी पातळ होती की शेजाऱ्यानं कपाटाची किल्ली फिरवली तरी कळावं.

नोकरी संपली तेव्हा बायकांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते पहिल्याच आठवड्यात तिनं बंद केलं. टिकटिक ऐकू येते म्हणून! कारखान्यात आयुष्य काढलेल्या बाईला टिकटिकीचा त्रास व्हावा याचं आम्हाला हसू आलं होतं. मला पुढे कधीतरी लक्षात आलं की तिला टिकटिकीचा त्रास नव्हता, टिकटिक ऐकू येण्याइतक्या शांततेचा होता.

शेजारच्या बिऱ्हाडात एक गृहस्थ एकटेच राहायचे. सरकारी कचेरीत नकाशे काढायचे, म्हणून सगळी इमारत त्यांना नकाशेवाले म्हणे. किडकिडीत अंगकाठी, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, जिन्यात कुणी भेटलं तर भिंतीला चिकटून वाट देणार. कामावरून आले की थोड्या वेळानं त्यांच्याकडे गाणं सुरू व्हायचं. बाईचा आवाज, जुन्या तबकड्यांवरचा. आत्याला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण स्पीकरमधलं सगळं कळत होतं. पहिल्याच दिवशी तिच्या कानांनी तक्रार केली. बाईनं आवाज चढवला की तो फाटायचा, खालचा सूर नुसता ढब् ढब् वाजायचा. मग नकाशेवाले आवाज वाढवायचे, फाटणं आणखी वाढायचं, मग ते कमी करायचे, मग शब्द कळायचे नाहीत म्हणून पुन्हा वाढवायचे.

आत्या जेवणाचं ताट घेऊन त्या भिंतीपाशी बसायला लागली. फाटका का होईना, संध्याकाळी माणसाचा आवाज यायचा.

आणि एके दिवशी तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात नकाशेवाले दिसत होते, म्हणजे तब्येत ठीक होती. आत्यानं आठवडाभर कळ काढली, मग पदर नीट केला आणि जाऊन त्यांची कडी वाजवली.

दार उघडल्या उघडल्या तेच बोलले, "माफ करा, आवाजाचा त्रास होत होता ना? मी आता बंदच केलंय."

"त्रासाचं नाही आले सांगायला," आत्या तिच्या नेहमीच्या पट्टीत म्हणाली, तसे ते एक पाऊल मागे सरले. "तुमचे स्पीकर उपाशी आहेत. एवढंच सांगायला आले."

त्यांना आधी काही बोध होईना. मग त्यांनी तिला आत घेतलं. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, तबकड्यांची फळी, आणि टेबलावर पत्र्याचा एक ठोकळा. त्या ठोकळ्यावर काचेच्या नळ्या उभ्या होत्या, बोटाएवढ्या, दोन जरा मोठ्या. अँप्लिफायर. तो त्यांच्या मोठ्या भावानं हातानं बनवला होता. भाऊ गेल्यावर पुतण्यानं घर आवरलं. हे खोकं काकांना दिलं आणि भावाचे कपाटाएवढे स्पीकर कुणाला तरी देऊन टाकले. जोडीतला एक ठेवला, एक घालवला, असं झालं. नकाशेवाल्यांनी मोठ्या दुकानातून दोन देखणे, चकचकीत, बेताच्या आकाराचे स्पीकर आणले आणि आत्याच्या बाजूच्या भिंतीवर वेगळी फळी ठोकून तिच्यावर ठेवले. गाणं काही नीट वाजेना. दुकानातल्या माणसानं येऊन पाहिलं आणि सांगितलं, हे खोकं भंगारात टाका आणि नवं घ्या.

"ते मला जमणार नाही," नकाशेवाले म्हणाले. "दादानं केलंय."

आत्यानं चकचकीत स्पीकरचा कोन बोटानं हलकेच दाबून पाहिला. जाड, वजनदार, कडेला रबर. मग ती नळ्यांकडे बघून म्हणाली, "खोक्याला काही झालेलं नाही. याच्यात जोर असेल दोन-तीन वॅटचा. आणि या डब्यांना पन्नास दिल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत. लहान पोराच्या डोक्यावर गोणी द्यायची आणि म्हणायचं, पळ! ते धापा टाकणार नाही तर काय करणार?"

"मग आता?"

"पोर बदलायचं नाही. गोणी बदलायची."

त्यांना हसू आलं. आत्यानं मला सांगितलं, त्यांचा वरचा एक दात किंचित तिरका आहे हे तिला तेव्हा दिसलं.

त्यांच्या सुटीच्या दिवशी दोघं जुन्या सामानाच्या बाजारात गेली. पुलाखाली एका दुकानदाराकडे बंद पडलेल्या सभागृहांचं, शाळांचं सामान येऊन पडायचं. आत्यानं पिशवीतून टॉर्चचा सेल आणि तारेचे दोन तुकडे काढले. प्रत्येक स्पीकरला सेल टेकवायचा, की आतून टक् आवाज येतो. त्या टक् वरून तिला कोन किती हलका आहे, चुंबकात किती जीव आहे, कॉइल घासते का, सगळं कळायचं. दुकानदार वैतागला. "बाई, लग्न जमवताय का?"

"जवळजवळ," आत्या म्हणाली. "मुलगा दुबळा आहे, मुलगी हलकी पाहिजे."

शेवटी ढिगाच्या तळाशी तिला हवे तसे दोन मिळाले. ताटाएवढे मोठे, पातळ कागदाचे कोन, कडेलाही कागदच, मागे भलंमोठं चुंबक. जेमतेम फुंकर घातली तरी हलतील असे. असा स्पीकर थोडक्यात भागवतो. तीन वॅटमध्ये तो खोली भरून टाकील. परक्या कारखान्याचा माल होता, त्यामुळे आत्यानं जरा नाक मुरडत तारीफ केली. एकाचा कोन मात्र फाटलेला होता.

"तो मी करीन घरी," ती म्हणाली. "आणि जोडी आहे, तर दुसराही नवा करायला हवा. नाहीतर एक कान एक ऐकणार, दुसरा दुसरं."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. दुसरा तसाच चालला असता हे तिनं मला नंतर सांगितलं.

मग आत्याच्या खोलीत काम सुरू झालं. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीकडून कोनाचा कागद आला, तार आली. खिडकीखाली टेबल, त्यावर चुंबक पालथं. नकाशेवाले कामावरून आले की स्वतःच्या कपात स्वतःचा चहा घेऊन यायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. चहा घेऊन येणारा पाहुणा आत्यानं पहिल्यांदाच पाहिला. ती तार गुंडाळायची, ते बघायचे. रेघा काढणाऱ्या माणसाला बारीक काम बघत बसायला आवडतं. बोलायचे ते दादाबद्दल. दादा गाणं लावायचा तेव्हा खोलीत कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. वहिनी आतून भांडी आपटायच्या, हा ढिम्म. मग दोघं भाऊ तबकडी संपेपर्यंत गप्प. "आम्ही फार बोललो असं मला आठवतच नाही," नकाशेवाले म्हणाले, "पण रोज भेटायचो."

कॉइल खाचेत मधोमध बसावी म्हणून आत्या तिच्याभोवती कागदाच्या पट्ट्या घालायची, मग कोन चिकटवायची. डिंक एका दिवसात वाळतो. तिनं त्यांना तीन दिवस सांगितले. दोन स्पीकर, प्रत्येकाला दोनदा डिंक. तेवढ्या संध्याकाळी वाढल्या.

त्या दिवसांत आईनं तिला फोन केला की आत्या घाईत असायची. आई माझी जरा खवचट. "काय वन्सं," ती एकदा म्हणाली, "हल्ली आवाज खुललाय. कुणी कोन बदलला का काय?" आत्यानं फोन ठेवून दिला. पण रागावून नाही. रागावलेली आत्या फोन कसा ठेवते ते आम्हाला ठाऊक होतं.

सुतारानं कमरेएवढ्या उंच दोन पेट्या करून दिल्या. त्या नकाशेवाल्यांच्या खोलीत आल्या तेव्हा खुर्ची आणि माणूस यांनाच जेमतेम जागा उरली. आत्यानं खोलीत टाळ्या वाजवून कानोसा घेतला. "ही भिंतीवरची फळी काढा," ती म्हणाली. "फळी थरथरते, भिंत थरथरते, सगळा आवाज गढूळ होतो. पेट्या पलीकडच्या भिंतीला, जमिनीवर, एकेका कोपऱ्यात. कोपरा खालच्या सुराला हात देतो." नकाशेवाल्यांनी फळीचे स्क्रू काढले. अँप्लिफायरच्या मागे तारा लावायच्या वेगवेगळ्या जागा होत्या. आत्यानं आपल्या कॉइलला जुळणारी जागा पाहून तारा जोडल्या. नळ्यांमधल्या तारा हळूहळू लाल झाल्या.

तीच बाई गायली. पण आता तिनं सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास ऐकू आला. ती खोलीच्या मधोमध उभी होती, पेट्यांमध्ये नव्हतीच. आवाज चढला तो नुसता चढला, फाटला नाही. नकाशेवाले खुर्चीत बसले होते, आत्या दाराला टेकून उभी होती. त्यांनी सवयीनं बटण वाढवायला हात नेला, तर आत्या म्हणाली, "वाढवायला नको आता." त्यांनी उलट आणखी कमी केलं. तरी एकही शब्द हरवला नाही.

तबकडी संपली तेव्हा ते म्हणाले, "दादाकडे असंच वाजायचं." आणि चष्मा पुसत बसले. आत्या आपल्या खोलीत परत आली. तिला आपल्या हातांचा इतका अभिमान कारखान्यात कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं ताट वाढून घेतलं आणि भिंतीपाशी बसली. काही आलं नाही. तिला वाटलं, उशीर झाला असेल. जेवण झालं, तरी काही नाही. मग तिनं कान भिंतीला लावला. फार लांबून, पाण्याखालून यावं तसं काहीतरी होतं. गाणं चालू होतं. पण फळी निघाली होती, पेट्या पलीकडे गेल्या होत्या, आणि नीट वाजणाऱ्या गोष्टीला ओरडावं लागत नाही. आत्या तशीच उभी राहिली, गार भिंतीला गाल लावून. आपणच सांगितलं होतं सगळं, एकेक करून.

काही दिवसांनी जिन्यात गाठ पडली. नकाशेवाले आता भिंतीला चिकटत नव्हते, थांबायचे.

"तुमचे फार उपकार झाले," ते म्हणाले. "आता इतकं हळू लावून भागतं, की तुमच्याकडे काही येत नसेल. येतं का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मला वाईट वाटायचं हो आधीचं. किती त्रास काढलात तुम्ही."

"छे, कसला त्रास," आत्या म्हणाली, आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. तिथेच सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? की मला तो त्रास परत द्या?

संध्याकाळचे स्टुलावरचे चहाही संपले होते, कारण आता बघायला काही उरलं नव्हतं. ते वाईट माणूस होते असं नाही. कामाला येत होते, काम झालं.

हवा बदलली तेव्हा आत्यानं एक कारण शोधलं. कोन कागदाचा आहे, दमट हवेत ओल धरतो, तपासायला हवा, असं सांगून ती गेली. त्यांनी लगेच आत घेतलं, खुर्ची तिला दिली, स्वतः पलंगाच्या कडेला बसले. तिनं दोन्ही कोन बोटांनी दाबून पाहिले. त्यांना काहीही झालेलं नव्हतं. "वाजवून बघायला पाहिजे," ती म्हणाली. त्यांनी तबकडी लावली. एक बाजू पूर्ण झाली. आत्या खुर्चीत मागे टेकून बसली होती आणि तिला वाटलं, हे असं महिन्यातून एकदा झालं तरी पुष्कळ.

दुसरी बाजू लावायच्या आधी नकाशेवाले थांबले. तबकडी हातात तशीच धरून म्हणाले, "एक बोलू? रागावू नका."

"बोला की."

"कुणी शेजारी बसलं की मला गाणं ऐकूच येत नाही. त्या माणसाला आवडतंय का, कंटाळा आलाय का, हेच बघत बसतो. दादाबरोबर तसं व्हायचं नाही. बाकी सगळ्यांबरोबर होतं." ते ओशाळले होते. "तपासायला केव्हाही या. पण ऐकायला... मला एकट्यालाच जमतं हो."

"बरं," आत्या म्हणाली. ती उठली, खुर्ची जागच्या जागी सरकवली. "कोन ठीक आहेत. आता बघायची गरज नाही."

हे सगळं तिनं मला सांगितलं ते मी एका कामासाठी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा. आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी विचारलं, "तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. दोन दिवस वाटलं. पण त्यानं तोंडदेखलं बसवून घेतलं असतं आणि मनात घड्याळ बघितलं असतं, तर ते जास्त लागलं असतं. खरं बोलला बिचारा. त्यालाही सोपं गेलं नसेल."

"मग?"

"मग काय. पुलाखाली गेले परत."

दुकानदारानं तिला ओळखलं. "आता कुणाचं लग्न?" आत्यानं म्हणे सरळ पिशवीतून सेल काढला. त्याच्याकडे एक जुना टेबलावरचा रेडिओ होता, काचेच्या नळ्यांचा. त्याचा आवाज अँप्लिफायरपेक्षाही दुबळा, आणि स्पीकर उंदरांनी खाल्लेला. दुकानदारानं दोन नळ्या बदलून तो चालू करून दिला. त्याला जुळेल असा स्पीकर मात्र कुठे मिळेना. जे हलके होते ते त्याच्या मापाचे नव्हते, मापाचे होते ते जड. शेवटी आत्यानं एक हलक्या कोनाचा सांगाडा घेतला आणि रेडिओला चालेल तेवढेच वेढे मोजून नवी कॉइल स्वतःच गुंडाळली. जन्मभर परक्या घरांसाठी गुंडाळल्या, ही एक स्वतःसाठी. मोडक्या कपाटाचा मोठा खण उभा करून त्यात तो स्पीकर बसवला. दिसायला भयंकर. माझी आई बघून म्हणाली, "वन्सं, यावर निदान पडदा तरी टाका."

तो खण आत्यानं स्वयंपाकघराच्या भिंतीला ठेवला आहे, नकाशेवाल्यांच्या भिंतीपासून जितका लांब ठेवता येईल तितका. मी म्हटलं, "इकडे ठेवलास तर बसून ऐकता येईल."

"तिकडे जाईल आवाज," ती म्हणाली. "त्याचं त्याला ऐकू दे."

गाणी ती फारशी लावत नाही. तिला बोलणारी माणसं आवडतात. बाजारभाव, हवामान, कुणा डॉक्टरची मुलाखत. संध्याकाळी एक बाई बंदरांवरचा वारा सांगते, कुठे जोराचा, कुठे मंद, बोटी केव्हा सुटतील. आत्यानं समुद्र एकदाच पाहिला आहे आणि बोटीत ती कधी बसलेली नाही. पण त्या बाईचा आवाज भरलेला, सावकाश, आणि त्या कागदाच्या कोनातून इतका जवळ येतो की शेजारी बसून कुणी बोलावं. मी होते त्या संध्याकाळी मटार सोलून झाले, आत्या कढई पुसत होती. बाईनं शेवटच्या बंदराचा वारा सांगितला आणि म्हणाली, "आजच्यापुरतं एवढंच. उद्या याच वेळी पुन्हा भेटू."

"या हं," आत्या म्हणाली. कढईतून मान वर न करता, अगदी साध्या आवाजात. फोनवरची ती पट्टी नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं की मी ऐकलं. ती जरा कसनुशी हसली, हात पुसले आणि रेडिओ बंद केला. नळ्यांमधला लाल उजेड विझेपर्यंत आम्ही दोघी तिकडेच बघत होतो.

"तू उद्याच निघणार ना?" तिनं विचारलं.

"हो. सकाळीच."

"बरं," ती म्हणाली, आणि मटारची सालं कागदात गुंडाळायला लागली.